पायाची जखम आणि अंड्यातला मज्जातंतू : संशोधनाला निधी देणाऱ्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
जैववैद्यकीय संशोधनासाठी सरकारी निधी मंजूर करणाऱ्या समित्यांचे मा. सदस्य यांस

विषय : मधुमेही पायाच्या जखमा आणि भ्रूणातील मज्जातंतूंची वाढ या दोन विषयांवरील संशोधनाला एकत्रित निधी देण्याबाबत

महोदय, महोदया,

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी गेली 22 वर्षे सर्जन म्हणून काम करतो. त्यातली 14 वर्षे दर मंगळवारी मी फक्त मधुमेही रुग्णांचे पाय तपासतो. हे पत्र मी त्या मंगळवारांच्या आधारावर लिहीत आहे. त्यात कोंबडीच्या अंड्याचा उल्लेख वारंवार का येतो, हे वाचता वाचता आपल्या लक्षात येईल अशी मला आशा आहे.

गेल्या वर्षी रोहिण्या बरसायच्या सुमारास पंचावन्नच्या आसपासचे एक शेतकरी पत्नीच्या आग्रहावरून आमच्याकडे आले. सकाळी पुसलेल्या फरशीवर तिला रक्ताचे ठसे दिसले होते. त्यांना स्वतःला काहीच जाणवत नव्हते. खुर्चीवर बसल्यावर उजवी चप्पल पायातून निघेना, कारण टाचेतली एक चूक, म्हणजे बारीक खिळा, चपलेचा तळ फोडून वर आली होती आणि त्यांच्या टाचेत रुतली होती. जखमेच्या कडा पाहता ती निदान तीन दिवस तरी तिथे असावी. मी चिमट्याने ती ओढून काढली तेव्हा ते पत्नीशी बियाण्याच्या पिशव्यांबद्दल बोलत होते, आणि त्यांचे बोलणे मध्येच थांबले नाही. मग त्यांना डोळे मिटायला सांगून मी 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू पायाला टेकवत गेलो. अंगठ्याच्या टोकाला काही कळले नाही, चवड्याला नाही, टाचेलाही नाही; घोट्याच्या वर वीतभर गेल्यावर ते म्हणाले, "हां, आता कळलं." ती जखम भरायला 11 आठवडे लागले आणि पाच महिन्यांनी त्याच जागी ती पुन्हा उघडली.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे 2023 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आपण जाणताच : देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांतील त्याचे प्रमाण 11.4 टक्के आहे. जगभरच्या अभ्यासांवरून काढलेला अंदाज असा आहे की मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात केव्हातरी पायाला जखम (अल्सर) होण्याची शक्यता 19 ते 34 टक्के असते, आणि भरलेल्या जखमांपैकी सुमारे 40 टक्के वर्षभरात, तर सुमारे 65 टक्के पाच वर्षांत पुन्हा होतात. यातला शेवटचा आकडा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, कारण त्याचा अर्थ असा की आम्ही जखम भरतो, पण जिच्यामुळे ती झाली ती गोष्ट तशीच राहते.

ती गोष्ट म्हणजे बधिर झालेला पाय. रुग्णाला आम्ही सांगतो की शुगर वाढली म्हणून जखम भरत नाही. हे खरे आहे, पण अपुरे आहे. तळपायाच्या त्वचेत संपणाऱ्या संवेदनातंतूची मूळ पेशी पायात नसते. ती कमरेच्या मणक्यालगतच्या एका छोट्या गाठीत असते आणि तिथून अंगठ्यापर्यंतचा तिचा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो. म्हणून मधुमेहात आधी सर्वांत लांब धागे मरतात आणि बधिरता मोजा चढावा तशी पायाच्या टोकापासून वर सरकते. स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू गेले की बोटे आखडून वाकतात आणि चालताना सगळा भार चवड्याच्या एखाद्या हाडावर येतो. घाम आणणारे तंतू गेले की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि भेगांतून जंतू आत जातात. त्यातच गुडघ्याखालच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर पुढचे सांगायला नको.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, जी वैद्यकीय शिक्षणात मला कोणी नीट शिकवली नाही. मज्जातंतू फक्त निरोप नेत नाही, तो ऊतींना पोसतोही. त्वचेतल्या तंतूंच्या टोकांतून अशी द्रव्ये पाझरतात जी केशवाहिन्या रुंदावतात, रोगप्रतिकारक पेशींना बोलावतात आणि त्वचेच्या पेशींना वाढायला सांगतात. तंतू गेले की हे सगळे मंदावते. 1996 मध्ये प्रवीण आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मधुमेही मज्जाविकाराच्या सुरुवातीच्या काळातच त्वचेतले एनजीएफ, म्हणजे मज्जातंतूंची वाढ करणारे द्रव्य, कमी झालेले असते. त्वचा आणि मज्जातंतू एकमेकांना जगवतात, आणि मधुमेह ही देवघेव दोन्ही बाजूंनी तोडतो.

एनजीएफचा शोध कुठे लागला, हे इथे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. 1938 मध्ये मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी इटलीतल्या ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढले, तेव्हा तूरीन शहरातल्या रिता लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टरने आपल्या झोपण्याच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून तिने शस्त्रे केली आणि उबवलेल्या अंड्यांतल्या कोंबडीच्या भ्रूणांवर काम सुरू केले. भ्रूणाच्या पायाचा कोंभ काढून टाकला तर त्या पायाकडे निघालेल्या मज्जापेशींचे काय होते, एवढाच तिचा प्रश्न होता. त्या पेशी निघतात, वाढतात आणि पोहोचायला जागा न उरल्यामुळे मरतात, हे तिने पाहिले. युद्धानंतर, 1947 मध्ये, ती अमेरिकेत सेंट लुईसला भ्रूणशास्त्रज्ञ व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे गेली. हॅम्बर्गर यांचे पूर्वीचे विद्यार्थी एल्मर ब्यूकर यांनी उंदराचा एक ट्यूमर भ्रूणाला जोडून पाहिला होता आणि मज्जातंतू त्या ट्यूमरमध्ये शिरलेले त्यांना दिसले होते. त्या ट्यूमरमधून काहीतरी द्रव्य पाझरते अशी रिताची खात्री पटली. 1952 मध्ये ती ट्यूमर असलेले उंदीर घेऊन रिओ द जानेरोला गेली आणि तिथे काचेच्या बशीत ट्यूमरच्या तुकड्याशेजारी ठेवलेल्या मज्जागाठीभोवती एका दिवसात तंतूंचे प्रभामंडळ उमटलेले तिने पाहिले.

पुढचा भाग माझ्या मंगळवारांशी थेट जोडलेला आहे. ते द्रव्य, म्हणजेच एनजीएफ, वेगळे करण्यासाठी स्टॅनली कोहेन हे जीवरसायनशास्त्रज्ञ तिच्या सोबतीला आले. शोध घेता घेता दोघे सापाच्या विषापर्यंत आणि तिथून उंदराच्या लाळग्रंथीपर्यंत पोहोचले. लाळग्रंथीचा अर्क नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिलांना टोचल्यावर कोहेन यांना असे दिसले की त्यांचे डोळे दोन आठवड्यांऐवजी आठवड्यातच उघडत आहेत आणि दातही लवकर येत आहेत. मज्जातंतूंशी याचा संबंध नव्हता. कोणीही ते अशुद्ध अर्काचे विघ्न म्हणून सोडून दिले असते. कोहेन यांनी सोडले नाही. त्यांना सापडलेले दुसरे द्रव्य म्हणजे ईजीएफ, त्वचेच्या पेशींची वाढ करणारे. 1986 चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. आज मधुमेही पायाच्या जखमेवर लावण्याचे ईजीएफचे जेल आपल्या देशात तयार होते, आणि क्यूबामध्ये 2006 पासून तेच द्रव्य जखमेत टोचून दिले जाते.

म्हणजे माझ्या ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर असलेली ती नळी कोंबडीच्या भ्रूणातल्या मज्जातंतूंच्या अभ्यासातून आलेली आहे. कोणत्याही समितीने रिताला त्या वेळी विचारले असते की तुझ्या कामाचा रुग्णांना उपयोग काय, तर तिच्याकडे प्रामाणिक उत्तर नव्हते.

मी या औषधांची भलावण करत नाही, हेही स्पष्ट करतो. मधुमेही पायाविषयीच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे वाढीच्या द्रव्यांचा सरसकट वापर सुचवत नाहीत, आणि माझा अनुभवही त्याच्या विरोधात नाही. एनजीएफच्या वाट्याला तर मोठे अपयश आले. मधुमेही मज्जाविकार असलेल्या 1,019 रुग्णांना 48 आठवडे ते टोचून पाहिले गेले आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अपेक्षित फायदा दिसला नाही. टोचलेल्या जागी दुखत असल्याने मात्राही वाढवता येत नव्हती. मात्र त्याच एनजीएफचे थेंब डोळ्याच्या बधिर झालेल्या पारपटलाची (कॉर्नियाची) जखम भरण्यासाठी अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झाले. द्रव्य तेच, पण जागा, मात्रा आणि वेळ वेगळी. जागा, मात्रा आणि वेळ यांचा हिशेब भ्रूण अतिशय काटेकोर ठेवतो आणि आपल्याला तो अजून पुरता वाचता आलेला नाही.

तो वाचण्याचे प्रयत्न चालू आहेत. 2002 मध्ये उंदराच्या भ्रूणावर काम करताना योसुके मुकोयामा आणि डेव्हिड अँडरसन यांच्या गटाला आढळले की त्वचेतल्या छोट्या धमन्या कुठे तयार व्हायच्या हे तिथे आधी पोहोचलेले संवेदनातंतू ठरवतात. 2018 मध्ये झुरिकच्या लुकास सोमर यांच्या गटाने दाखवले की प्रौढ उंदराच्या त्वचेला जखम झाली की मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी आपले प्रौढ रूप सोडून जखमेच्या जागी पसरतात आणि ती भरून यायला मदत करतात. या श्वान पेशी ज्या भ्रूणीय पट्टीपासून जन्मतात तिचे पहिले वर्णन विल्हेल्म हिस यांनी 1868 मध्ये, तेही कोंबडीच्या भ्रूणातच, केले होते.

त्याहूनही मला विचारात पाडणारा प्रयोग सॅलॅमँडर या शेपटीवाल्या उभयचर प्राण्याचा आहे. सॅलॅमँडरचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, पण त्या पायाची नस कापली तर तो उगवत नाही, हे 1823 मध्येच ट्वीडी टॉड यांनी नोंदवले होते. 1959 मध्ये यंटेमा यांनी भ्रूणावस्थेतच मज्जातंतू पोहोचू न दिलेले पाय वाढवले, आणि ते पाय तोडल्यावर मात्र मज्जातंतूंशिवायही पुन्हा उगवले. म्हणजे ऊतींना मज्जातंतूची गरज उपजत नसते. भ्रूणात तंतू येऊन पोहोचल्यावर ती लागते. माणसाचा पाय सॅलॅमँडरचा नाही, हे मला कळते. तरीही बधिर तळपायाच्या न भरणाऱ्या जखमेसमोर रोज बसणाऱ्या माणसाने या प्रयोगाबद्दल ऐकावे आणि त्याला काहीच सुचू नये, हे शक्य नाही.

मला सुचले. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत भ्रूणविकासावर काम करणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे मी चार वर्षांपूर्वी गेलो. पुण्याला या कामाची जुनी परंपरा आहे. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी 1950 च्या दशकापासून कोंबडीच्या भ्रूणावर काम केले आणि विद्यार्थी घडवले. माझ्या स्नेह्यांनी हॅचरीतून आणलेल्या अंड्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी कापली आणि मला सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगितले. पाचव्या दिवशीचा भ्रूण होता. हृदय धडधडत होते आणि पायाच्या जागी वल्ह्यासारखा चपटा कोंभ दिसत होता. त्यांनी रंग दिलेल्या दुसऱ्या एका भ्रूणात मणक्यालगतच्या गाठींतून निघालेले तंतू त्या कोंभात शिरताना मी पाहिले. गाठीपासून कोंभापर्यंतचे अंतर मोजके मिलिमीटर. पुढे पाय लांबतो तसा पोहोचलेला धागा ताणला जात लांब होतो. प्रौढ माणसात मात्र मेलेल्या धाग्याला तोच प्रवास मीटरभर, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने, तोही साखरेने बिघडलेल्या रस्त्यावरून करायचा असतो.

आम्ही दोघांनी मिळून एक प्रस्ताव लिहिला. भ्रूणात तंतूंना वाट दाखवणारी द्रव्ये मधुमेही जखमेच्या कडेला आहेत की नाहीत, जखम भरणाऱ्या आणि न भरणाऱ्या रुग्णांत त्यांचे प्रमाण वेगळे आहे का, आणि जखमेतला स्राव कोंबडीच्या मज्जागाठीशेजारी ठेवला तर तंतू वाढतात की आखडतात, असा तो साधा प्रस्ताव होता. एका समितीने तो 'रुग्णसेवेशी थेट संबंध स्पष्ट होत नाही' या शेऱ्यासह परत केला. आम्ही त्यातला भ्रूणाचा भाग कमी करून दुसरीकडे पाठवला, तेव्हा 'मूलभूत नावीन्याचा अभाव' हा शेरा आला. दोन्ही शेरे लिहिणाऱ्यांनी आपापल्या चौकटीत बरोबरच लिहिले असेल. माझी तक्रार चौकटीबद्दल आहे. जखम एका विभागाची, भ्रूण दुसऱ्या विभागाचा, आणि दोघांच्या मधली जागा कोणाच्याच अखत्यारीत नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती अशी आहे की ज्या प्रस्तावात रुग्णालयातला सर्जन आणि भ्रूणविकासाचा अभ्यासक हे दोघेही प्रमुख संशोधक आहेत अशा प्रस्तावांसाठी वेगळा निधी ठेवावा, आणि ते तपासणाऱ्या समितीतही दोन्ही प्रकारची माणसे एकत्र बसावीत. तीन वर्षांची मुदत इथे पुरणार नाही. भरलेली जखम पाच वर्षांत उघडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असताना तीन वर्षांत संपणारा अभ्यास अर्धेच उत्तर देईल.

दुसरी गोष्ट ऊतींची. दर मंगळवारी मी जखमांतले मेलेले आणि अर्धमेले मांस काढतो, त्याखाली रक्त दिसेपर्यंत. ते सगळे नियमाप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते आणि जाळले जाते. प्रयोगशाळेत मात्र यासाठी मधुमेही उंदीर वापरावे लागतात, आणि उंदराच्या कातडीखाली एक पातळ स्नायू असतो जो जखम आखडून घेतो. माणसाची तळपायाची जखम तशी आखडत नाही. माणसाच्या जखमेच्या कडेचा तुकडा हवा असताना आम्ही तो रोज फेकत आहोत. रुग्णाची लेखी संमती घेऊन, नैतिकता समितीच्या देखरेखीखाली, असे नमुने गोठवून जपणारी पेढी राज्यातल्या चार-पाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत उभी राहिली तरी पुष्कळ काम होईल. त्यासाठी लागतो एक खोल थंडीचा फ्रीजर, न जाणारी वीज आणि नोंदी ठेवणारा एक माणूस. शेवटच्या दोन गोष्टींवर मी मुद्दाम भर देतो, फ्रीजर मिळतात.

आपल्याकडे 'भ्रूण' हा शब्द उच्चारला की लोकांच्या मनात गर्भलिंगनिदान आणि मुलींची हत्या येते, आणि महाराष्ट्राने जे पाहिले आहे ते पाहता त्यात गैर काही नाही. आमच्या नैतिकता समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनीही हाच प्रश्न विचारला होता. आमच्या प्रस्तावात मानवी भ्रूण कुठेच नव्हता. होते ते कोंबडीचे अंडे. तरी प्रश्न योग्य होता, आणि अशा संशोधनाची माहिती मराठीत, रुग्णांना कळेल अशी, देण्याची जबाबदारी आमची आहे. 'स्टेमसेलने जखम भरून देतो' म्हणून गरिबांकडून लाखो रुपये उकळणारी दुकाने त्याच अज्ञानावर चालतात. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर अशा उपचारांना मुभा नाही.

पैसा आधी चपलांवर आणि तपासणीवर खर्च करावा, असे काहीजण म्हणतील. त्यांच्याशी माझे भांडण नाही. वेल्लोरला 1946 पासून काम करणाऱ्या सर्जन पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने झडत नाहीत, न जाणवलेल्या इजांनी जातात, हे दाखवले. मधुमेही पायावरचा भार काढणारे प्लास्टर आणि मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) चपला याच विचाराने पुढे आल्या. आजही माझ्या हातातले सर्वांत परिणामकारक साधन तेच आहे, आणि प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात नायलॉनचा तो तंतू असावा ही माझी मागणी जुनी आहे. जोडीला ब-12 जीवनसत्त्वाची तपासणी हवी. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेतल्याने ब-12 कमी होते, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने खेड्यांतल्या गर्भवती मातांपासून दाखवून दिले आहे. त्यांच्याच कामात ब-12 आणि गर्भातल्या मज्जानलिकेचे (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) दोष यांचाही धागा सापडतो. मज्जातंतू घडताना जे लागते ते टिकतानाही लागते, हे ध्यानात घेतले तर आईचे पोट आणि म्हाताऱ्याचा पाय यांचा विचार एकाच बैठकीत करणे मला अवघड वाटत नाही. परंतु चप्पल संरक्षण देते, संवेदना परत आणत नाही; आणि उघड्या पायाने देवळाच्या तापलेल्या फरशीवर उभे राहणाऱ्याला, पंढरीच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्याला चप्पल घाल म्हणून सांगण्याची एक मर्यादा मला रोज जाणवते.

टाचेत चूक रुतलेले ते शेतकरी अजून येतात. रात्री झोपताना पत्नीच्या हातातला छोटा आरसा घेऊन ते तळवा पाहतात आणि काही दिसले तर दुसऱ्या दिवशी फोन करतात. मागच्या भेटीत त्यांनी विचारले की पायाला पुन्हा कधी कळायला लागेल का. मी त्यांना सांगितले की आज माझ्याकडे त्याचे औषध नाही.

आमचा बाह्यरुग्ण विभाग मंगळवारी सकाळी नऊला सुरू होतो आणि दुपारी तीनपर्यंत चालतो. आपल्यापैकी जे भ्रूणविकासाचे प्रस्ताव तपासतात त्यांच्यातल्या कोणीतरी एक मंगळवार येऊन माझ्या शेजारी बसावे. जे रुग्णालयीन प्रस्ताव तपासतात त्यांना माझे पुण्यातले स्नेही अंड्याची खिडकी उघडून दाखवायला तयार आहेत. आमचा प्रस्ताव आम्ही पुन्हा लिहिला आहे, या वेळी दोन्ही भाग पूर्ण ठेवून, आणि तो पुढच्या फेरीत आपल्यासमोर येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
मधुमेही पायांच्या बाह्यरुग्ण विभागातील एक सर्जन